दफ्तराचे अक्षर, घरचे अक्षर

आमच्या जुन्या कपाटाच्या खालच्या खणात पत्र्याची एक पेटी आहे. आमच्या घराण्याचे सारे संस्कार त्या पेटीत आहेत, असे आई म्हणत असे. स्नानसंस्काराचे दाखले, प्रथम कम्युनियनची प्रशस्तिपत्रे, दृढीकरणाची कार्डे, लग्नपत्रिका आणि तळाशी काळ्या काठाची स्मरणपत्रे. गेल्या पावसाळ्यात पेटीला दमट वास येऊ लागला म्हणून उघडीप मिळताच मी ते सारे कागद ओटीवर पसरले. सुकवता सुकवता एक गोष्ट ध्यानात आली. १९९४ पर्यंतच्या प्रत्येक दाखल्यावरचे नाव एकाच हाताने लिहिलेले होते, माझ्या वडिलांच्या. त्यानंतरची सारी नावे यंत्रावर छापलेली होती. दोन्ही कागद हातभर अंतरावर धरले तर फरक चटकन कळत नव्हता. त्या न कळणाऱ्या फरकाने मला एकेकाळी बरेच काही शिकवले. ते आज सांगावेसे वाटते.

पपा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात कोणाचे अक्षर चांगले, असा प्रश्न निघाला की त्यांचेच नाव पुढे येई. मे महिन्यात प्रथम कम्युनियन आले की पन्नास-साठ कोरे छापील दाखले आमच्या घरी येत. त्या संध्याकाळी आम्हां मुलांना माजघरात धावण्याची बंदी असे. टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरले जाई. दौत, टीपकागद, दोन टाक आणि एक बोरू नेहमीच्या क्रमाने मांडले जात. मराठी नावे बोरूने आणि इंग्रजी नावे रुंद टोकाच्या निबेने लिहिली जात. दोन्हींसाठी एकच लेखणी का चालत नाही, असे मी लहानपणी विचारले होते. त्यावर पपांनी दोन्ही लेखण्यांनी एकेक तिरपी रेघ ओढून दाखवली होती. देवनागरीत रेघेची जाडी ज्या कलाने पडते, रोमन अक्षरात ती त्याच्या उलट कलाने पडते. "लेखणीचे टोक जसे कापावे तसे अक्षर चालते, बाय," एवढेच ते म्हणाले होते.

त्यांचे इंग्रजी अक्षर किंचित उजवीकडे झुकलेले, लांब मानेचे आणि मोकळे होते. त्यात उगाच वेलबुट्टी नसे. नावाच्या पहिल्या मोठ्या अक्षराला मात्र ते एक लहानसा झोका देत, लग्नात पोरीच्या वेणीत एखादे फूल माळावे तसा. आपल्या मुलाचे नाव त्या अक्षरात पाहून कितीतरी आयांचे डोळे भरून येत. त्यातल्या अनेकांच्या घरी तोवर कोणाचेही नाव इतक्या मानाने कागदावर आलेले नसे.

मग पपांचा हात कापू लागला. प्रथम चहाची बशी वाजू लागली, नंतर दाढी करताना गालावर ओरखडे दिसू लागले. १९९४ च्या त्या मे महिन्यात एका मुलीच्या दाखल्यावर शाईचा थेंब पडला. कोरा दाखला शिल्लक नव्हता. पपांनी तो थेंब पात्याने खरवडून काढण्याचा प्रयत्न केला आणि कागद फाटला. ते काही बोलले नाहीत. टाक पुसून त्यांनी खाली ठेवला आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. स्टेशनजवळ संगणकावर जुळणी करून देणारे एक दुकान नुकतेच निघाले होते. पपांना न विचारता मी नावांची यादी तिथे दिली. दुकानातल्या तरुणाने पडद्यावर निरनिराळी अक्षरे दाखवली. त्यातले एक पाहून मी थबकले. तोच उजवीकडचा झुकाव, तीच लांब मान, मोठ्या अक्षराला तोच झोका. अर्ध्या तासात साठ नावे तयार झाली. डाग नाही, खाडाखोड नाही. ती रास मी मोठ्या उत्साहाने घरी आणून पपांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी वरचे दोन-तीन दाखले पाहिले, "छान आहेत," असे म्हटले आणि ते उठून गेले. आई माझ्याकडे नुसती पाहत राहिली. मी त्यांचा भार हलका केला असे मला वाटत होते. प्रत्यक्षात वर्षातून एकदा धर्मग्रामाला त्यांची जी गरज लागे, तीच मी काढून घेतली होती. हे मला त्या रात्री उमगले, आणि तोवर दाखले प्रमुख धर्मगुरूंच्या हाती गेले होते.

चार-पाच दिवसांनी पपांनी मला हाक मारली. उरलेला एक दाखला त्यांनी खिडकीपाशी धरला होता आणि हातात घड्याळजीसारखे भिंग होते.

"हे यंत्राचे अक्षर नाही, बाय," ते म्हणाले. "हे कोणीतरी लिहिलेले आहे. टाकाचे टोक रुंद आहे. पंचेचाळीस अंशांच्या आसपास धरले आहे. ही बारीक रेघ बघ, इथे टाक उचललेला नाही, नुसता सरकवला आहे. हा माणूस चांगला लिहिणारा आहे. ह्या अक्षराचे नाव काय?"

"दुकानदार झाफ चान्सरी म्हणाला."

"चान्सरी? आर्चबिशपांच्या कार्यालयात असते ती?"

मी हसले. पपा हसले नाहीत. पुढे हाती येतील ती पुस्तके वाचून मी ह्या अक्षराचा माग काढला, तेव्हा कळले की त्यांनी सहज विचारलेला प्रश्न अगदी मुळाशी जाऊन भिडला होता.

चान्सरी म्हणजे राजाच्या किंवा बिशपांच्या पत्रव्यवहाराचे दफ्तर. पंधराव्या शतकात इटलीतील विद्वानांनी झरझर लिहिता येईल असे एक सुबक, झुकते वळण घडवले. फ्लॉरेन्सच्या निक्कोलो निक्कोली ह्या ग्रंथप्रेमी गृहस्थाचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. पोपमहाशयांच्या दफ्तराने हेच वळण उचलले. त्या दफ्तरातून दोन प्रकारची पत्रे निघत. शिशाची मुद्रा लावलेली भारदस्त आज्ञापत्रे म्हणजे 'बुल', आणि कोळ्याच्या अंगठीची, म्हणजे संत पेत्राच्या वारसाची मुद्रा लावलेली छोटी पत्रे म्हणजे 'ब्रीफ'. ब्रीफ लवकर लिहायची आणि लवकर वाचली जायची, म्हणून ती ह्या झुकत्या अक्षरात लिहिली जात. इटालियन भाषेत त्याला 'कान्चेल्लारेस्का', म्हणजे चान्सरीचे अक्षर, असे नाव पडले.

लुदोविको देल्यि आरिगी हा लेखनिक अशीच ब्रीफ लिहून पोट भरीत असे. त्याने १५२२ साल घातलेले 'ला ऑपेरिना' हे लहानसे पुस्तक लाकडी ठशांवरून छापून काढले. त्यात हे वळण एकेका रेघेपासून शिकवलेले आहे. ज्याला गुरू करणे परवडत नाही, त्यानेही घरी बसून हे अक्षर गिरवावे, अशी त्याची रचना आहे. १५२७ साली रोमची लूट झाली आणि त्यानंतर आरिगीचा मागमूस लागत नाही. माणूस गेला; पुस्तक राहिले.

ह्याच वळणाचे धातूचे खिळे त्याआधीच व्हेनिसमध्ये पाडले गेले होते. मुद्रक आल्दुस मानुतिउस ह्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो ह्या कारागिराने ते कोरले. १५०१ साली त्या खिळ्यांनी व्हर्जिलचे संपूर्ण पुस्तक छापले गेले. मात्र त्या खिळ्यांतले पहिले मोजके शब्द त्याच्या आदल्या वर्षी, १५०० मध्ये, सिएनाच्या संत कॅथरिनच्या पत्रांच्या पुस्तकात उमटले. त्यातील चित्रात संत कॅथरिनच्या हातात एक उघडे पुस्तक आणि एक हृदय आहे, आणि त्या दोहोंवर ह्या अक्षरात येशूचे नाव आहे. इंग्रजी पुस्तकांत आपण ज्याला 'इटॅलिक' म्हणतो, त्याचा छापील जन्म असा एका संतिणीच्या हातात झाला, हे वाचून मला पपांची फार आठवण झाली.

आता ज्यांच्या नावाने ते अक्षर संगणकात आले, त्या गृहस्थांविषयी. हेर्मान त्साप्फ ह्यांचा जन्म १९१८ साली जर्मनीतील न्युरेम्बर्ग येथे झाला. आपल्याकडे इंग्रजी वळणाने त्यांचे नाव झाफ असे झाले. त्यांना विजेचा अभियंता व्हायचे होते. कामगार संघटनेशी संबंध असल्याने वडिलांची नोकरी १९३३ साली, नाझी राजवट येताच, गेली आणि मुलाच्या शिक्षणाची वाट बंद झाली. छपाईसाठीच्या छायाचित्रांवर हात फिरवून ती सुधारण्याच्या कामावर तो उमेदवार म्हणून लागला. १९३५ साली रुडॉल्फ कोख ह्या अक्षरकाराच्या कामाचे प्रदर्शन त्याच्या पाहण्यात आले. मग कोख आणि इंग्लंडचे एडवर्ड जॉन्स्टन ह्यांची पुस्तके समोर ठेवून ह्या मुलाने घरीच रुंद टाकाने लिहिण्याचा सराव सुरू केला. आरिगीने ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले होते, असा बिनगुरूचा शिष्य चारशे वर्षांनंतर तयार होत होता. युद्धात त्यांना सैन्यात जावे लागले, तेथे ते नकाशे काढीत. नकाशावर गावांची नावे ते भिंगाशिवाय एक मिलिमीटर उंचीच्या अक्षरात लिहीत.

पुढे त्यांनी 'पालातिनो', 'ऑप्टिमा' अशी जगभर वापरली गेलेली अक्षरे घडवली. चान्सरीच्या वळणाचा टाइप अमेरिकेतील एका अक्षरसंस्थेसाठी १९७९ साली बाहेर पडला. १९८६ साली अॅपल कंपनीने लेझर छपाईयंत्राची नवी आवृत्ती काढली, तिच्यात आधीच भरून ठेवलेल्या पस्तीस टाइपांत त्याचा समावेश झाला. मग काय विचारता! जिथे ते यंत्र गेले, तिथे हे अक्षर गेले. प्रशस्तिपत्रे, लग्नपत्रिका, उपाहारगृहांची पदार्थपत्रे, दुकानांच्या पाट्या, नाताळची भेटकार्डे, सर्वत्र तेच. १९९१ साली पॅट्रिशिया सॉन्डर्स ह्यांनी त्याच मापाचे 'कोर्सिव्हा' नावाचे भावंड घडवले आणि ते दुसऱ्या प्रकारच्या संगणकांतून घरोघर पोहोचले. ज्याने आयुष्यात टाक हाती धरला नाही, त्यालाही सुंदर अक्षर लाभले. आमच्या स्टेशनजवळच्या दुकानापर्यंत ते आले ते ह्याच वाटेने.

पपांना ह्यातले थोडेच ठाऊक होते. तरी त्या भिंगाने पाहिलेल्या दिवसापासून त्यांचा राग ओसरला. आपली जागा यंत्राने नव्हे, आपल्यासारख्याच एका लिहिणाऱ्याने घेतली आहे, ह्याचे त्यांना समाधान वाटले असावे. पुढच्या वर्षी दाखले छापण्याआधी ते स्वतः माझ्याबरोबर दुकानात आले.

बरे झाले आले. कारण मी आणखी एक पराक्रम केला होता. दाखल्याचा मथळा उठून दिसावा म्हणून मी तो ह्याच टाइपात, सगळा मोठ्या अक्षरांत करवून घेतला होता. मुलांची नावेही तशीच. पपांनी नमुना माझ्या हाती देऊन म्हटले, "वाच." मी दोनदा अडखळले. प्रत्येक अक्षराचा झोका शेजारच्या अक्षराच्या अंगावर जात होता. "लग्नात नवरी एक असते," पपा त्या तरुणाला म्हणाले. "सगळ्याच बाया नवरीचा साज करून आल्या तर वरमाला घालायची कोणाला?" पहिले अक्षर मोठे, बाकीची लहान. दोन अक्षरांमध्ये ओढूनताणून अंतर द्यायचे नाही, कारण ती हातात हात घेऊन चालणारी आहेत. आकार फार लहान करायचा नाही, बारीक रेघा विरून जातात. आणि दाखल्यात नाव तेवढे ह्या अक्षरात, तारीख, ठिकाण, धर्मगुरूंचे नाव वगैरे सारा मजकूर साध्या उभ्या टाइपात. त्या तरुणाने हे नियम एका चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या कडेला चिकटवले. ती चिठ्ठी तिथे बरीच वर्षे होती.

पपांचा हा आग्रह किती जुन्या अनुभवाला धरून होता, हे मला नंतर कळले. रोममधील बुलांसाठी एक अत्यंत अलंकारिक अक्षर कालांतराने रूढ झाले होते. ते इतके दुर्बोध झाले की सोबत साध्या अक्षरातील नक्कल जोडण्याची पाळी येई. अखेर पोप तेरावे लिओ ह्यांनी १८७८ साली ते बंद करून टाकले. अक्षर कितीही देखणे असले, तरी वाचणाऱ्याला जे वाचता येत नाही ते टिकत नाही.

१९९८ च्या पावसाळ्यात पपा गेले. महिन्याच्या मिस्सेपर्यंत सांत्वनाची पुष्कळ पत्रे आली. त्यात एक पत्र संगणकावर छापलेले होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत सारे त्याच चान्सरीच्या सुंदर अक्षरात. भाषा चांगली होती, लिहिणाऱ्याच्या मनात आमच्याविषयी माया होती हेही मला ठाऊक होते. तरीही ते पत्र माझ्या हातात थंड राहिले. आपल्या घरी जेवायला बोलावून कोणी समारंभाची ताटे मांडावीत आणि स्वतः जवळ बसू नये, तसे वाटले. त्याच टपालात एक पोस्टकार्ड होते. पपांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे, पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या ओळींत लिहिलेले. गुरुजींनी हजारदा सांगूनही माझे अक्षर सुधारले नाही, त्याबद्दल आज त्यांची क्षमा मागतो, एवढाच त्याचा आशय. ते कार्ड वाचून मी पहिल्यांदा मोकळी होऊन रडले.

असे का झाले, ह्याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. छापील अक्षर खोटे आणि हाताचे अक्षर खरे, असे एक सोपे उत्तर होते. पण ते मला पटेना. कारण साठ मुलांच्या दाखल्यांवरची छापील नावे खोटी नव्हती. त्यांच्या आयांचे डोळे त्या वर्षीही भरून आले होते. उत्तर सापडले ते मोडी कागदपत्रांविषयी वाचताना. आपल्याकडेही मोडीची निरनिराळी वळणे होती, त्यांतल्या एकाला 'चिटणीशी' म्हणत. चिटणीस म्हणजे दफ्तराचा पत्रलेखक, रोमच्या भाषेत चान्सरीचा माणूस. आरिगीचे अक्षर आणि आपले चिटणीशी वळण ह्यांचा धर्म एकच. ते मुळात एका माणसाचे अक्षर नव्हतेच. दफ्तरात दहा लेखनिक असोत, पत्र एकाच वळणात निघावे, वाचणाऱ्याला त्यात लेखनिक दिसू नये, ज्याच्या वतीने पत्र लिहिले तो दिसावा, ह्यासाठी ते घडवले होते. संस्थेने माणसाशी मानाने बोलावे, त्यासाठीचे ते अक्षर. म्हणून दाखल्यावर ते शोभते. तिथे पपा बोलत नव्हते, धर्मग्राम बोलत होता. पपांचे अक्षर असो की त्साप्फ ह्यांचे, धर्मग्राम त्या मुलाला सांगत होता, तुझे नाव आमच्यात आहे. लग्नपत्रिकेतही दोन कुटुंबे गावाशी बोलतात, तिथेही ते शोभते. पण एका दुःखी घराच्या दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाने दफ्तराच्या आवाजात बोलू नये. तिथे त्याचा स्वतःचा आवाज हवा, घोगरा असला तरी चालेल.

त्साप्फ ह्यांनाही छापील अक्षराची ही मर्यादा दिसत असावी. १९९८ सालीच त्यांचे 'झाफिनो' नावाचे दुसरे हस्ताक्षरी वळण प्रसिद्ध झाले. त्यात एकाच अक्षराची अनेक रूपे आहेत, कारण माणूस एकच अक्षर दोनदा अगदी एकसारखे कधीच काढत नाही. त्यासाठी त्यांनी १९४४ साली, युद्धाच्या धामधुमीत, आपल्या वहीत लिहिलेले एक पान आधाराला घेतले होते. चोपन्न वर्षांपूर्वीच्या आपल्या तरुण हाताची त्यांनी ही आठवण ठेवली. २०१५ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, ते वारले. त्यांच्या अक्षरात आपली नावे लिहिलेली आहेत, हे आमच्या धर्मग्रामातल्या मुलांना कधी कळले नाही. चांगल्या चिटणिसाचे असेच होते.

पपांच्या महिन्याच्या मिस्सेचे कार्ड छापताना मी त्यांचे नाव चान्सरीत घातले, पहिले अक्षर मोठे, बाकीची लहान. खालचा मजकूर साध्या टाइपात. पाकिटांवरचे पत्ते मात्र मी स्वतः लिहिले, आणि सांत्वनाच्या प्रत्येक पत्राला हाताने उत्तर पाठवले. माझे अक्षर चांगले नाही. पपांची मुलगी असूनही ते मला साधले नाही, ह्याची मला लाज वाटे. आता वाटत नाही.

ओटीवरचे कागद आता सुकले आहेत. पपांच्या हातचे दाखले आणि छापील दाखले मी वेगळे करणार होते, पण मग तसे केले नाही. साल पाहून क्रमाने लावले आणि पेटीत परत ठेवले. मधोमध तो फाटलेला दाखला आला, खरवडलेल्या थेंबाचा. त्या मुलीला नंतर नवा मिळाला होता, आणि हा पपांनी जपून ठेवला होता, हे मला ठाऊकच नव्हते. ह्या नाताळात तिला पत्र लिहावे म्हणते. तिचीही मुलगी आता कम्युनियनच्या वयाची झाली असेल. दाखला तिच्या हवाली करीन, आणि सोबतचे पत्र हातानेच लिहीन.